३६० मिमी एफ/४.५ ची बिनशटरची लेन्स ८×१० कॅमेऱ्यावर: फ्लँज, शटर आणि वजन

दुधी काच

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे लाकडी, घडीचा ८×१० इंची कॅमेरा आहे. पुढच्या चौकटीत ६ इंची, म्हणजे १५२ मिमीचा चौकोनी लेन्सबोर्ड बसतो. आजवर त्यावर कोपल ३ शटरमधली ३०० मिमी एफ/५.६ लेन्स वापरत आले आणि कधी काही अडलं नाही. आता ३६० मिमी एफ/४.५ ची जुनी पोर्ट्रेट लेन्स हाती आली आहे. पितळी बॅरल, काच स्वच्छ, आतला आयरिस (छिद्र लहानमोठं करणारी पाती) लोण्यासारखा फिरतो. पण शटर नाही, आणि लेन्स बोर्डावर बसवायची आट्यांची कडी, म्हणजे फ्लँजही हरवलेली.

घरी आणल्यावर आधी तराजूवर ठेवली. २.१ किलो. ३६० भागिले ४.५ म्हणजे ८० मिमीचं छिद्र. समोरून पाहिलं तर वाटीएवढी काच दिसते. मागच्या बाजूला आट्यांचा पट्टा आहे, त्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने १०४ मिमी आला. बोर्ड १५२ चा, त्यात १०४ चं भोक, म्हणजे कडेला दोन्हीकडे जेमतेम २४ मिमी लाकूड उरतं.

ही लेन्स मला पूर्ण उघडी वापरायची आहे. माणसांचे चेहरे, खिडकीचा उजेड, डोळे टोकदार आणि कानापासून पुढे सगळं हळूहळू विरघळत गेलेलं, एवढ्यासाठीच ती घेतली. एफ/३२ वर वापरायची असती तर माझी जुनी लेन्स काय वाईट होती?

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शटर कुठे आणि कोणतं बसवू? फ्लँज कशी करून घेऊ? आणि एवढं ओझं पुढची चौकट पेलेल का? लेन्स कापायची मात्र अजिबात इच्छा नाही. शंभरेक वर्षं अखंड राहिलेली वस्तू माझ्या हातून तुटू नये.

आडवी फिल्म

अभिनंदन, सुंदर वस्तू मिळाली आहे.

सगळ्यात नीटनेटका उपाय म्हणजे बॅरल मधोमध उघडून पुढचा आणि मागचा काचसंच एखाद्या मोठ्या शटरच्या दोन तोंडांना बसवणे. आयलेक्स ५ नंबर शटरचं भोक अडीच इंचांच्या आसपास असतं आणि वेग १/५० पर्यंत मिळतो. आयरिस शटरमध्येच असल्याने सगळं एका जागी येतं. तुम्हाला कापायचं नाही हे वाचलं, पण काचांना हात लागत नाही, फक्त बॅरल जातं. एकदा विचार करून पाहा.

मंद प्रकाश

आडवी फिल्म यांचा उपाय कारखान्यात बनलेल्या लेन्सला चालतो, कारण तिथे शटर धरूनच लेन्सची रचना केलेली असते. इथे मी तो करणार नाही. दोन संचांमधलं हवेचं अंतर मिलिमीटरच्या लहानशा अंशानेही चुकलं तर कडांची प्रतिमा बिघडते, आणि बिघाड लेन्सचा की कारागिराचा हे नंतर कळत नाही. शिवाय आयरिसचे आकडे नव्याने कोरावे लागतात. आणि बॅरल एकदा कापलं की कापलं.

आता शटर कुठे, ते पाहू. लेन्स ८० मिमीची तर शटरही ८० मिमीचंच हवं असं आपण धरून चालतो. तसं नसतं. शटर किती मोठं हवं हे ते लेन्सपासून कुठे आणि किती लांब आहे यावर ठरतं. कागदावर लेन्स आणि फिल्म आडव्या रेषेवर मांडा. छिद्राच्या वरच्या टोकापासून फिल्मच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ, खालच्या टोकापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत दुसरी. शटर ज्या जागी येणार तिथे या दोन रेघांमधलं जे अंतर, तेवढं भोक हवं. हिशेब त्रैराशिकाचाच आहे:

लागणारं भोक = छिद्र + (फिल्मचा कर्ण − छिद्र) × शटरचं अंतर ÷ फिल्मचं अंतर

८×१० चा कर्ण ३२५ मिमी. शटरची पाती आयरिसच्या ५० मिमी मागे आली असं धरू, आणि फोकस अनंतावर, म्हणजे फिल्म ३६० मिमीवर. एफ/४.५ ला ८० + २४५ × ५० ÷ ३६० = ११४ मिमी. एवढं मोठं शटर मिळणं आणि ते तुमच्या चौकटीत मावणं, दोन्ही कठीण. पण एफ/११ ला छिद्र ३३ मिमी होतं आणि तोच हिशेब ७४ मिमीवर येतो. म्हणजे ३ इंची, ७६ मिमी भोकाचं शटर एफ/११ पासून पुढे कोपऱ्यापर्यंत निर्धोक.

मग उघड्या छिद्राचं काय? फिल्मच्या मध्यबिंदूकडे जाणारा उजेडाचा शंकू मागे निमुळता होत जातो. ५० मिमी मागे त्याची रुंदी ८० × ३१० ÷ ३६०, म्हणजे ६९ मिमी. ती ७६ मधून आरामात जाते. थोडक्यात, मधल्या भागाला पूर्ण एफ/४.५ मिळेल आणि उजेड कमी होईल तो कोपऱ्यांकडे. चेहरा मधे आणि कोपऱ्यात काळोखी भिंत असेल तर मला तरी ते आवडेल.

याच कारणाने शटर लेन्सच्या पुढे लावू नका. पुढे शंकू उलटा, बाहेर पसरत जातो. आयरिसच्या ६० मिमी पुढे शटर ठेवलं तर एफ/४.५ ला १३४ मिमीचं भोक लागेल.

तुमचं कोपल ३ मागे लावायचा मोह होईल, म्हणून तेही सांगतो. त्याला बोर्डात ६५ मिमीचं भोक पडतं, पण आतली मोकळी जागा ४५ मिमीच. ते ६० मिमी मागे आलं तर मध्यबिंदूलाही लेन्स एफ/६.७ ची होऊन जाते. मग ही लेन्स घेऊन उपयोग काय?

माझं मत: लेन्सबोर्डाच्या आतल्या बाजूला हवेवर चालणारं पॅकार्ड पद्धतीचं शटर. रबरी फुगा दाबला की नळीतली हवा छोट्या सिलिंडरातला दट्ट्या ढकलते आणि पाती उघडतात. फुगा सोडला की मिटतात. पिन लावली की एका दाबात उघडझाप होते, साधारण १/२५ सेकंदाची. एकच वेग, पण पोर्ट्रेटला पुरतो. लेन्सला हातही लागत नाही.

उलटी प्रतिमा

मी या प्रकारात नवा आहे. शटरच हवं असं आहे का? जुने लोक टोपण काढून लावायचे असं ऐकलंय.

मंद प्रकाश

अगदी चालतं, पण केव्हा ते पाहा. कागदी निगेटिव्ह, संवेदनशीलता ६ धरा, लख्ख उन्हात एफ/४५: साधारण सव्वा ते दीड सेकंद येतो. एवढा वेळ टोपणाने हातावर मोजता येतो, अर्धा सेकंद इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. पण आयएसओ १०० ची फिल्म, मोकळी सावली आणि एफ/४.५ म्हटलं की १/२०० च्या आसपास उत्तर येतं. तिथे टोपण नाही आणि पॅकार्डही नाही. तीन स्टॉपचा, म्हणजे उजेड आठपट कमी करणारा, करडा फिल्टर लावून १/२५ वर आणावं लागतं. घरात खिडकीपाशी मात्र गणित आपोआप जुळतं.

टोपण काढताना कॅमेरा हलतो, हे लक्षात ठेवा. आधी टोपण काढून लेन्ससमोर काळा पुठ्ठा न टेकवता धरायचा, हलणं थांबू द्यायचं, मग पुठ्ठा वर उचलायचा.

लेथवरचा

फ्लँजबद्दल मी लिहितो, आयुष्यभर तेच काम केलं.

ताई, नुसता १०४ मिमी व्यास सांगून कुणालाही काम देऊ नका. व्यासापेक्षा आट्यांची घनता जास्त घात करते. जुन्या लेन्सचे आटे बहुतेकदा इंचाच्या हिशेबात असतात. २४ आटे प्रति इंच म्हणजे १.०६ मिमीचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. डोळ्याला तो १ मिमीसारखाच दिसतो. तुमचा आट्यांचा पट्टा किती रुंद आहे? ८ मिमी असेल तर त्यात १ मिमीचे ८ आटे बसतील आणि २४ च्या हिशेबाचे साडेसात. फरक फक्त अर्ध्या आट्याचा.

मोजायची घरगुती पद्धत: जुन्या दात घासायच्या ब्रशने आटे कोरडे साफ करा. पातळ कागदाची पट्टी आट्यांवर घट्ट दाबून धरा आणि वरून पेन्सिलचं शिसं आडवं हलकेच फिरवा. रेघा उमटतात. मग स्टीलच्या पट्टीवर भिंग धरून पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत अंतर घ्या आणि मधल्या घरांनी भागा. तीन वेगळ्या ठिकाणी करा. थ्रेड गेज असेल तर प्रश्नच मिटला. उजेडासमोर धरून गेज आणि आटे यांच्यात फट दिसते का पाहायचं.

मेट्रिक लेथवर इंचाचे आटे कापायला १२७ दात्यांचं गिअर लागतं. ज्याच्याकडे ते नाही तो "जवळपास जमतं" म्हणून १ मिमी कापून देईल. त्याला आधीच विचारा.

कामाला देताना लेन्सच सोबत न्या आणि तिथेच उभ्या राहा. आधी नायलॉनच्या तुकड्यावर चाचणीची बांगडी कापून घ्या. ती हाताने शेवटपर्यंत सरळ फिरली तरच पितळेला हात लावायचा. बाहेरचा व्यास १३० ठेवा, जाडी ८, सहा स्क्रू. पहिला आटा जिथे सुरू होतो तिथली पातळ धार कानसून टाका, तीच तिरकी चढून आटे खाते. फिरवताना अडलं तर जोर करू नका, तिथेच थांबा.

काळं कापड

लेथवरचा यांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. कागदाची युक्ती माहीत नव्हती.

थोडं अवांतर: ४×५ वापरणाऱ्यांना हाच प्रश्न एरो एक्टारबाबत पडतो. १७८ मिमी एफ/२.५, म्हणजे ७१ मिमीचं छिद्र. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या कॅमेऱ्यांसाठी बनलेली लेन्स. तिथे लोकांनी सरळ वेगळा रस्ता धरला: स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यात फिल्मच्या अगदी पुढ्यात कापडी पडद्याचं शटर असतं, १/१००० पर्यंत. फिल्मजवळ शटर असलं की लेन्स कितीही मोठी असो, फरक पडत नाही. त्या लेन्सच्या काचेत थोरियम असल्याने ती वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. अतिनील उजेडात काही दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो. ८×१० ला असा पडदा सहसा नसतो, म्हणून दुधी काच यांच्यासाठी मंद प्रकाश म्हणतात तेच बरं.

दुधी काच

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे यातच गेले.

आधी फ्लँजचं. लेथवरचा काका, तुमचा प्रतिसाद यायच्या आदल्या दिवशीच मी एका ठिकाणी फक्त माप देऊन आले होते. बांगडी सुंदर चकचकीत आली, तीन फेरे गेले आणि अडली. तुमचे शब्द डोक्यात होते म्हणून थांबले, उलट फिरवून काढली. कागदावर आटे उतरवून मोजले: साडेसात. म्हणजे २४ प्रति इंच, आणि त्यांनी १ मिमीचे कापले होते. दुसऱ्या ठिकाणी लेन्स घेऊन गेले, १२७ च्या गिअरचं विचारलं. नायलॉनची बांगडी आधी झाली. मग पितळेची. पहिल्यांदा फिरवली तेव्हा शेवटच्या फेऱ्याला लेन्स स्वतःच्याच वजनाने हलकेच बसली, आणि बोर्डावर आयरिसचे आकडे थेट वर आले. ते मुद्दाम केलेलं नव्हतं; ज्याने कापलं त्यालाही आनंद झाला.

बोर्ड ९ मिमी बर्च प्लायवुडचा केला. कडा पटाशीने पायरीसारख्या उतरवल्या, म्हणजे चौकटीच्या खाचेत जुना ६ मिमीचा बोर्ड बसायचा तसाच बसतो आणि मधला भाग मात्र जाड राहतो. मागचा काचसंच बोर्डाच्या मागे १४ मिमी बाहेर येतो, त्यामुळे शटर थेट बोर्डाला लावता येईना. १८ मिमी जाडीची लाकडी चौकट मधे घातली, त्यावर ७६ मिमी भोकाचं पॅकार्ड शटर. शटरची बाहेरची बाजू १४० मिमी, कॅमेऱ्याच्या चौकटीतली मोकळी जागा १४३. पहिल्यांदा आत सरकवताना श्वास रोखून धरला होता. भाता (लेन्स आणि फिल्ममधली घडीची नळी) मिटल्यावर त्याच्या घड्या शटरच्या सिलिंडरला घासत होत्या, म्हणून शटर फिरवून सिलिंडर वरच्या बाजूला घेतला.

वेग मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये मोजला. सेकंदाला २४० चित्रं. मागून दिव्यासमोर धरून पिन लावून दाबलं, बारा चित्रांत उजेड दिसला. म्हणजे १/२०. दहा वेळा केलं, अकरा ते तेरा आलं. मला एवढा नेमकेपणा पुरेसा आहे.

काळं कापड

छान काम. फिल्म घालण्याआधी दोन तपासण्या करा.

नळी बोर्डातून जिथे आत जाते तिथून उजेड शिरतो. अंधाऱ्या खोलीत शटर मिटून भात्यात पेटती बॅटरी ठेवा आणि बाहेरून नळीभोवती, फ्लँजच्या स्क्रूंपाशी, बोर्डाच्या चारही कडांना पाहा. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्या, लगेच पाहून काही कळत नाही.

दुसरी: कॅमेऱ्याच्या दुधी काचेचे (मागे फोकस पाहायच्या काचेचे) कोपरे कापलेले असतील तर त्या फटीतून लेन्सकडे पाहा. छिद्र पूर्ण गोल दिसलं तर त्या कोपऱ्याला सगळा उजेड मिळतोय. मांजराच्या डोळ्यासारखं लांबट दिसलं तर काहीतरी आड येतंय. तिथेच डोळा ठेवून दुसऱ्याला आयरिस हळूहळू मिटायला सांगा. कोणत्या आकड्याला छिद्र अखंड दिसू लागतं तो आकडा बोर्डावर लिहून ठेवा.

दुधी काच

दोन्ही केलं. नळीपाशी खरंच उजेड येत होता, चंद्रकोरीसारखी बारीक रेघ. रबरी बूच भोक पाडून घट्ट बसवलं, आता काळोख आहे. कोपऱ्यातून एफ/११ ला छिद्र पूर्ण गोल दिसतं, एफ/८ ला कडेला नखाएवढं कापलेलं. मंद प्रकाश यांचा हिशेब तंतोतंत आला, फार बरं वाटलं.

पण पहिलं निगेटिव्ह बिघडलं आहे आणि कारण कळत नाही. वडिलांना खिडकीपाशी बसवलं. अंतर १.८ मीटर, भाता ४५० मिमीपर्यंत ओढलेला, एफ/४.५. डोळ्यांवर भिंग लावून फोकस केला, पापण्या मोजता येत होत्या. फिल्मचा होल्डर घातला, त्याची डार्क स्लाइड (उजेड अडवणारी पट्टी) काढली, फुगा दाबला. निगेटिव्हमध्ये डोळे मऊ आलेत. आणि पोटाशी बांधलेले हात, जे काचेवर मऊ दिसत होते, ते कडक. नखांवरच्या रेघाही दिसतात. वडील पुढे झुकले म्हणावं तर डोळे आणि हात दोन्ही पुढे आले असते. पुन्हा एक काढला, तसाच आला.

मंद प्रकाश

तुमचे वडील हलले नाहीत. लेन्स झुकली आहे.

२.१ किलोचं वजन बोर्डाच्या बरंच पुढे लटकतंय. लाकडी घडीच्या कॅमेऱ्यात पुढची चौकट खाली दोन बिजागऱ्यांवर उभी असते आणि पितळी पट्ट्यांतल्या चाकीने आवळलेली. तुम्ही फोकस करता तेव्हा ती सरळ असते. होल्डर घालताना मागून धक्का बसतो, आणि चाकी जिथे केसभर सैल आहे तिथे चौकट पुढे कलते. डोळ्याला दिसतही नाही.

फक्त १ अंश धरा. लेन्सचा मध्य बिजागरीच्या १८ सेंमी वर असेल तर तो ३ मिमी पुढे जातो. भाता ४५० चा ४५३ झाला. त्याने फोकस तुमच्याकडे साडेचार सेंटिमीटर सरकला. आणि तुमची एकूण खोली किती आहे? या अंतरावर, एफ/४.५ ला, ८×१० साठी धूसरपणाचं वर्तुळ (डोळ्याला टोकदार वाटेल असा मोठ्यात मोठा ठिपका) ०.२ मिमी धरलं तर पुढेमागे मिळून साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे डोळे हातचे गेले.

हात कडक का, ते शाइमफ्लुगच्या नियमाने कळतं. लेन्स कलली की फोकसचं प्रतलही कलतं. १ अंशाला ते प्रतल लेन्सच्या सुमारे २०.६ मीटर खालच्या रेषेभोवती फिरतं, आणि १.८ मीटरवर त्याचा कल साधारण ५ अंश होतो. डोळ्यांच्या ४० सेंमी खाली, म्हणजे हातांपाशी, प्रतल आणखी साडेतीन सेंटिमीटर तुमच्याकडे आलं. एकूण आठ. हात डोळ्यांपेक्षा साधारण तेवढेच पुढे होते ना? मोजून सांगा.

चौकटीवर छोटी पाणपातळी चिकटवा. फोकस केल्यावर बुडबुडा कुठे आहे पाहा, होल्डर घातल्यावर पुन्हा पाहा.

लेथवरचा

आधार द्या, चाक्या आवळत बसू नका. जास्त आवळलं की लाकूड चेपतं आणि पुढच्या वेळी लवकर सुटतं.

लाकडाचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा ठोकळा करा, त्याला जाड फेल्ट चिकटवा, आणि तो लेन्सच्या पुढच्या अर्ध्या भागाखाली येईल असा कॅमेऱ्याच्याच पुढच्या पाटावर उभा करा. खाली आटे असलेला दांडा आणि नट ठेवलात तर उंची हवी तशी वरखाली करता येईल. आधाराने लेन्स वर ढकलायची नाही. नट हळूहळू फिरवा. फेल्ट आणि पितळ यांच्यात घातलेला कागद ओढल्यावर जेमतेम अडखळत निघाला की बस.

दुसरा तिवई स्टँड लेन्सखाली लावायचा सल्ला काही जण देतील. दोन तिवया दोन वेगळ्या जागी उभ्या असतात, फरशीवरून कुणी चाललं तरी एक हलते आणि दुसरी हलत नाही. आधार कॅमेऱ्याचाच हवा.

उलटी प्रतिमा

आणि फोकस करताना भाता पुढेमागे झाला तर तो ठोकळा प्रत्येक वेळी सरकवायचा?

लेथवरचा

पुढची चौकट ज्या पाटावर सरकते त्याच पाटावर ठोकळा बसवला तर तो सोबत सरकतो. नाही जमलं तर आधी अंदाजे अंतर ठरवून ठोकळा लावायचा आणि बारीक फोकस मागच्या चौकटीने करायचा. पोर्ट्रेटला मागून फोकस करणं तसंही बरं, चेहऱ्याचा आकार हलत नाही.

दुधी काच

हात डोळ्यांच्या ७ ते ८ सेंमी पुढे होते. वडिलांना पुन्हा तसंच बसवून पट्टीने मोजलं.

पाणपातळी लावली. फोकस केला तेव्हा बुडबुडा मध्यावर होता, होल्डर सरकवला आणि माझ्या डोळ्यांदेखत तो रेघेपर्यंत गेला. आवाज नाही, कुठे काही हललेलं दिसत नाही, फक्त बुडबुडा सरकला. दोन निगेटिव्ह अशीच वाया गेली होती.

ठोकळा सागाचा केला. घरात जुन्या पेटीचं झाकण होतं त्यातून निघाला. फेल्ट आतून, खाली ८ मिमीचा दांडा, वर-खाली दोन नट. कॅमेऱ्याच्या पुढच्या पाटाला तिवईच्या स्क्रूसाठी आधीच एक भोक होतं, त्यातच दांडा बसला. पाट कापावा लागला नाही. आता होल्डर घातल्यावर बुडबुडा जागचा हलत नाही. फुगा दाबल्यावर शटरचा एक छोटा ठोका बोर्डात जाणवायचा, तोही ठोकळ्यामुळे कमी झाला.

काल दुपारी वडिलांना पुन्हा बसवलं. आयएसओ १०० ची फिल्म, एफ/४.५, मीटरने १/३० सांगितलं. भाता ३६० ऐवजी ४५० म्हणून (४५० ÷ ३६०) चा वर्ग, १.५६, म्हणजे जवळपास १/२०. नेमका माझ्या शटरचा वेग. डार्क स्लाइड काढली, ते कंटाळून खिडकीबाहेर बघायला लागले, मी हाक मारली, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी फुगा दाबला.

निगेटिव्ह रात्री धुतलं. लाइट टेबलवर भिंग लावून पाहिलं तर डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीतला एक पांढरा केस वेगळा दिसतो. कानाची पाळी मऊ, खांद्यावरची शिवण आणखी मऊ, मागची भिंत नुसता करडा रंग. कोपरे साधारण एका स्टॉपने काळोखे आहेत, हिशेबात होते तसेच. हात यावेळी मऊ आलेत.

संपर्क छापा काढून दोरीवर वाळत घातला आहे. वडिलांनी अजून पाहिलेला नाही, दुपारी उठले की दाखवते.